हवालदारांच्या पश्चात पेन्शन

प्रश्न : माझे पती सैन्यातून हवालदार पदावरून निवृत्त झाले होते. गेल्या महिन्यात, वयाच्या 58व्या वर्षी ते गेले. त्यांची पेन्शन अजून खात्यात येतेय. मी काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, त्या पैशाला हात लावू नका. मृत्यूनंतरची पेन्शन बँक परत वळती करते. मृत्यूचा दाखला घेऊन साताऱ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. तिथे अर्ज फुकट भरून मिळतो, एजंटाला पैसे देऊ नका. पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत असेल, तर मृत्यूची नोंद आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज त्याच प्रणालीवर होतो.

खरी अडचण येते ती नावात. डिस्चार्ज बुकात ‘सुमन’, आधार कार्डावर ‘सुमनबाई’, बँकेत माहेरचं नाव! एवढ्यावरून प्रकरणं अडकतात. तुमचं नाव आणि जन्मतारीख पतीच्या पीपीओशी (पेन्शन पेमेंट ऑर्डरशी) आजच ताडून पाहा. फरक असेल तर दुरुस्तीसाठी पतीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा.

आता रक्कम. कुटुंब निवृत्तिवेतन पहिली 7 वर्षं वाढीव दराने, सहसा शेवटच्या पगाराच्या 50 टक्के, पण पतीच्या पेन्शनपेक्षा जास्त नाही. पुढे 30 टक्के. वर महागाई सवलत. दरवर्षी हयातीचा दाखला मात्र द्यावा लागेल.