फवारणीचा निर्णय : इष्टतमीकरणाचा पहिला धडा

इष्टतमीकरणाच्या अभ्यासक्रमात प्रथम उद्दिष्ट व मर्यादा निश्चित केल्या जातात. कीड व्यवस्थापनात कीड शून्यावर आणणे हे उद्दिष्ट नसून निव्वळ उत्पन्न अधिकतम राखणे हे असते. स्टर्न व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडलेली आर्थिक नुकसान पातळी याच विचारावर आधारित आहे.

उदाहरण : समजा, कपाशीवरील एका फवारणीचा एकरी खर्च १,२०० रुपये व कापसाचा भाव किलोस ६० रुपये आहे. खर्च भरून निघण्यास २० किलो कापूस वाचला पाहिजे. फवारणीने ८० टक्केच नुकसान टळत असेल, तर संभाव्य नुकसान २५ किलोंहून अधिक असेल तरच ती किफायतशीर ठरते. अन्यथा पैसा वाया जातो आणि मित्रकीटकही मरतात.

नुकसान होण्यापूर्वीच उपाय करता यावा, म्हणून संकेत पातळी पाहावी. गुलाबी बोंडअळीसाठी ती प्रति कामगंध सापळा ८ पतंग, सलग ३ दिवस अशी आहे.