एकशे एक नंबरची खोली

पोरी, नव्या हॉटेलचं टेलिफोनचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, तर चार गोष्टी ऐकून ठेव. एक्स्चेंजवाले आणि पीएमएसवाले (म्हणजे हॉटेलच्या बुकिंग-बिलाच्या सॉफ्टवेअरचे लोक) एकाच दिवशी येतील, आपापले लॅपटॉप उघडतील आणि ‘मॅडम, सपोर्ट आहे’ म्हणतील. त्याआधी तू कागद घेऊन सगळे मजले चालून ये. प्रत्येक खोलीत किती फोन आहेत ते पाहा. पलंगाजवळ एक, टेबलावर एक, कधी बाथरूममध्येही एक. पाहुण्याच्या लेखी ते सगळे मिळून एक खोली. पीएमएसला फक्त खोली कळते आणि एक्स्चेंजला फक्त एक्स्टेन्शन. या दोघांमध्ये दुभाष्याचं काम करणारी गोष्ट म्हणजे तुझी ही यादी. ती चुकली, तर पुढची सगळी जोडणी बरोबर असूनही वेक-अप कॉल शेजारच्या खोलीत वाजेल.

यादी करताना पहिल्या मजल्यापाशी थांब. हॉटेलात खोल्यांचे नंबर 101 पासून सुरू होतात आणि सोपं म्हणून तेच नंबर एक्स्टेन्शनला देतात. आता बघ, आपल्याकडे 100 म्हणजे पोलीस, 101 म्हणजे अग्निशमन दल, 102 आणि 108 म्हणजे रुग्णवाहिका आणि 112 हा सगळ्यांसाठी मिळून एकच नंबर. धुराचा वास आला म्हणून पाहुण्याने 101 फिरवला आणि तो त्याच मजल्यावरच्या झोपलेल्या माणसाच्या उशाशी वाजला, असं तुझ्या हॉटेलात होता कामा नये. म्हणून एक्स्टेन्शन चार आकडी ठेव. 101 नंबरच्या खोलीला 6101 दे, पहिला आकडा 1 नको, नाहीतर 1120 सारखं एक्स्टेन्शन 112 च्या आड येईल, आणि हे तीन आकडी नंबर आपत्कालीन सेवेसाठी मोकळे सोड. पीएमएसमध्ये खोली 101 च राहील, जुळणी इंटरफेसच्या तक्त्यात होईल. तक्ता भरायला थोडा वेळ जास्त लागेल, तो दे.

हे नंबर थेट लागले पाहिजेत, आधी शून्य नाही, नऊ नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या मार्शल गावी 2013 च्या डिसेंबरमध्ये एका मोटेलच्या खोलीत कॅरी हंट या बाईचा खून झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा 911 फिरवला. बाहेरच्या लाइनसाठी आधी 9 दाबावा लागतो हे त्या लेकराला माहीत नव्हतं, आणि एकही कॉल बाहेर गेला नाही. पुढे 2018 मध्ये कॅरीच्या नावाचा कायदा झाला आणि 16 फेब्रुवारी 2020 पासून तिथल्या नव्या यंत्रणांत 911 थेट लागणं आणि त्याच वेळी फ्रंट डेस्कला सूचना जाणं सक्तीचं झालं. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण त्यातली दोन्ही कलमं तू आपली समज. सूचना हवीच, कारण पोलिसांना फार तर हॉटेलचा पत्ता कळेल. खोली कोणती हे रिसेप्शनच्या पडद्यावर उमटलं, तरच कुणी धावत वर जाईल.

इथेच एक फट राहते. चेक-आउट झालं की पीएमएस निरोप पाठवतं आणि एक्स्चेंज त्या खोलीचे बाहेरचे कॉल बंद करतं. ते योग्यच आहे. पण साफसफाई करणारी बाई त्या रिकाम्या खोलीत एकटी असते, तिचा पाय घसरू शकतो. म्हणून रिकाम्या खोलीच्या क्लास ऑफ सर्व्हिसमध्येही (म्हणजे तिथून कोणते कॉल लागतील या सेटिंगमध्ये) आपत्कालीन नंबर आणि ऑपरेटर उघडे ठेव. तपासताना खरा 112 लावायचा असेल, तर आधी 112 च्या कंट्रोल रूमला सांगून ठेव.

आता यंत्रांच्या बोलीकडे ये. ऑपेरा हे पीएमएस आणि त्याआधीचं फिदेलिओ ‘फियास’ ही बोली बोलतात. कित्येक एक्स्चेंज मिटेल कंपनीची जुनी पद्धत वापरतात. दोघांची बोली जुळत नसेल, तर मध्ये तिसरं सॉफ्टवेअर बसवावं लागतं, आणि ते कुणी सांभाळायचं हे करारातच लिहून घे. ‘सपोर्ट आहे’ या उत्तरावर थांबू नकोस. कोणकोणते निरोप येणार-जाणार त्यांची यादी माग. फियासमध्ये जीआय म्हणजे पाहुणा आला, जीओ म्हणजे गेला, जीसी म्हणजे त्याच्या माहितीत बदल, पीएस म्हणजे बिलावर रक्कम टाका. केबल सिरियल असेल, तर वेग आणि पॅरिटी दोन्हीकडे सारखी हवी. नेटवर्कवर असेल, तर कोण ऐकणार, कोण जोडणार आणि पोर्ट कोणता हे ठरलेलं हवं. एवढं झालं की लिंक उभी राहते आणि लोक टाळ्या वाजवून घरी जातात. खरं काम त्यानंतर असतं.

नवरा-बायको एका खोलीत, दोघांची नावं वेगळी नोंदवलेली. नवरा पहाटे निघाला, त्याचं चेक-आउट झालं. एक्स्चेंजने तेवढ्यावर फोन बंद केला, तर मागे राहिलेल्या बाईचा फोन मुका. फियासच्या निरोपात अशा वाटून घेतलेल्या खोलीची खूण असते. एक्स्चेंज ती वाचतं का, हे दोन नावं घालून स्वतः पाहा. खोली बदलण्याचंही तसंच. पाहुणा 204 मधून 310 मध्ये गेला, तर त्याचं नाव, मेसेजचा दिवा, डीएनडी (‘त्रास देऊ नका’) आणि उद्याचा वेक-अप कॉल सगळं बरोबर गेलं का? नाव जातं, वेक-अप मागे राहतो, आणि 204 मध्ये रात्री उशिरा आलेला नवा माणूस पहाटे चारला दचकून उठतो. तक्रारी बहुतेक इथूनच येतात.

लिंक तुटून परत जुळली की मधल्या वेळातले बदल एक्स्चेंजला ठाऊक नसतात. तेव्हा रिसिंक करायचं, म्हणजे पीएमएस सगळ्या खोल्यांची स्थिती पुन्हा सांगतं. पण सावध राहा. चेक-इनचा निरोप आला की एक्स्चेंजने त्या खोलीचे जुने वेक-अप पुसायचे असतात. रिसिंकमध्येही तोच निरोप येतो, फक्त ‘एसएफ’ ही खूण जोडून. ती खूण न ओळखणारं एक्स्चेंज भरलेल्या हॉटेलचे सगळे वेक-अप एका झटक्यात पुसू शकतं. म्हणून ही चाचणी उद्घाटनाआधी कर.

रात्रीकडे खास लक्ष दे. नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, चालू असताना पीएमएस इंटरफेस थांबवू शकतं, आणि पहाटेच्या विमानाचे पाहुणे नेमके त्याच सुमाराला उठायचे असतात. वेक-अपची नोंद एक्स्चेंजच्या स्वतःच्या स्मृतीत असू दे, म्हणजे लिंक नसली तरी घंटी वाजेल. कुणी उचललं नाही, तर ऑपरेटरला कळलं पाहिजे. दोन्ही यंत्रांची घड्याळं एकाच टाइम सर्व्हरवर लाव.

नावांबद्दल माझं मत ठाम आहे. ऑपरेटर आणि रूम सर्व्हिसच्या फोनवर पाहुण्याचं नाव दिसावं, त्यांनी नावाने बोलावं. पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फोन केला, तर समोर नाव कधीही उमटू देऊ नकोस. एकटी राहणारी मुलगी कोणत्या खोलीत आहे, हे नंबर फिरवत बसलेल्या अनोळखी माणसाला कळता कामा नये. फ्रेंच, पोर्तुगीज नावांतली खुणांची अक्षरं पडद्यावर चौकोन होऊन येतात, तीही घालून बघ.

कॉलच्या बिलांवर फार वेळ घालवू नकोस, पाहुणे मोबाइलवरच बोलतात. एकच रक्कम दोनदा चढत नाही ना, एवढं पाहा. कोकणात किंवा गोव्यात असशील, तर एमडीएफवर (सगळ्या टेलिफोन तारा येतात त्या चौकटीवर) विजेपासून संरक्षणाचे मोड्यूल आणि चांगलं अर्थिंग पावसाळ्याआधी करून घे.

दोन्ही कंपन्या सही मागतील. सही करण्यापूर्वी त्यांच्यासमोर केबल उपसून काढ, तेवढ्या वेळात दोन चेक-इन, एक खोलीबदल आणि एक चेक-आउट कर, केबल परत लाव आणि प्रत्येक फोन उचलून तपास. एक जरी खोली चुकली, तरी सही देऊ नकोस. आणि हॉटेल उघडेल त्या पहिल्या रात्री घरी जाऊ नकोस, रात्रपाळीच्या पोरांबरोबर सकाळचा शेवटचा वेक-अप वाजेपर्यंत थांब.