घराचा दोष झाकणे : शरीयत आणि कायदा

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा करून प्रेषितांनी (स.) फसविणारा आपल्यापैकी नाही असे बजावले. ही हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे.

बोरिवली-मुलुंडमध्ये तडा गेलेल्या खांबावर नवे प्लास्टर चढवून सदनिका विकणारा तेच ओले धान्य विकत असतो. येथे मात्र केवळ पैसा नव्हे, प्राणही पणाला लागतात. घाटकोपरची साईसिद्धी इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तो विक्रीचा व्यवहार नव्हता. तळमजल्याच्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप होता. परंतु खांब दुबळा झाला तर काय घडते, हे त्यातून दिसले.

शरीयतमध्ये अशा खरेदीदाराला ‘खियार-ए-ऐब’ म्हणजे दोषामुळे मिळणारा अधिकार आहे. खरेदीच्या वेळी ठाऊक नसलेला दोष आढळल्यास तो वस्तू परत करून किंमत मागू शकतो. दोष कळूनही संमती दर्शविल्यास हा अधिकार संपतो.

देशाचा कायदाही हेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला पण खरेदीदाराला साधारण दक्षतेने न सापडणारा महत्त्वाचा दोष उघड करणे बंधनकारक आहे; तो लपविणे कपट ठरते. खरेदीदार दिवाणी न्यायालयात करार रद्द करण्याची किंवा भरपाईची मागणी करू शकतो. मुदत साधारणतः ३ वर्षे असून कपट उघडकीस आल्यापासून मोजली जाते. घर विकासकाकडून घेतले असेल, तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामाचा दोष त्याने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. अन्यथा महारेराकडे दाद मागता येते.

म्हणून दोष दिसताच छायाचित्रे घ्या, संरचना अभियंत्याचा लेखी अहवाल मिळवा आणि वकिलामार्फत नोटीस द्या. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर खरेदीपूर्वीच सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा.

आणि उद्या आपणच विक्रेते असू, तेव्हा भेग आधी दाखवा, किंमत नंतर सांगा. सत्य सांगणाऱ्याच्या व्यवहारात बरकत असते. दोष लपविला की ती नाहीशी होते.