हात पाटीवर, डोळा पडद्यावर

कोणतेही नवे साधन हाती आले म्हणजे काही काळ आपला जुना हात आपल्याला पारखा होतो. जो विद्यार्थी कागदावर पेन्सिलीने सुबक घडा काढतो, त्याच्यापुढे संगणकाला जोडलेली चित्रपाटी, अर्थात ग्राफिक्स टॅबलेट, ठेवावी, तो त्याच्या रेषा पाच वर्षांच्या बालकासारख्या वाकड्यातिकड्या येऊ लागतात. आठ दिवसांत तो कंटाळतो, वडील पैसे पाण्यात गेले म्हणतात, आणि पाटी फडताळात जाऊन पडते. आपल्या जिल्ह्यातील पाथर्डी, कर्जत, जामखेड अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांत जेथे अशी वस्तू पिकाच्या पैशातून येते, तेथे ही हानी लहान नव्हे. आणि मुलाच्या मनात ‘मला चित्रकला येत नाही’ अशी जी समजूत घर करते, ती हानी तर त्याहून मोठी. म्हणून ही अडचण कशाने उत्पन्न होते व तिचा परिहार कसा करावा, याचा विचार आपण येथे करू.

कागदावर रेघ ओढताना हात आणि रेघ एकाच ठिकाणी असतात. चित्रपाटीवर हात खाली मेजावर चालतो आणि रेघ समोर पडद्यावर उमटते. पाटीचा प्रत्येक बिंदू पडद्याच्या एकेका बिंदूशी जखडलेला असतो. माउस उचलून दुसरीकडे ठेवला तरी पडद्यावरील बाण जागचा हलत नाही. पेन मात्र पाटीच्या ज्या कोपऱ्यात न्यावे, पडद्याच्या त्याच कोपऱ्यात बाण जातो. ज्या पाटीला स्वतःचाच पडदा असतो, तिच्यावर ही ताटातूट होत नाही. परंतु तिची किंमत पुष्कळ अधिक.

हात व चित्र यांची अशी फारकत संगणकानेच प्रथम केली असे मात्र समजू नये. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ साली आपल्या अहमदनगरात निघाले. त्या काळी चित्र छापावयाचे म्हणजे ते लाकडाच्या ठशावर उलटे कोरावे लागे. छापल्यावर उजवे ते डावे होई. म्हणून कारागीर हाताने एक आकृती काढी आणि मनश्चक्षूंपुढे दुसरी ठेवी. शिळाछापाच्या दगडावर थेट लिहिणाऱ्यालाही अक्षरे उलटी काढावी लागत. ही माणसे ती विद्या जन्मतः घेऊन आली नव्हती; सरावानेच त्यांचे हात वळले.

हात कसे वळतात, याविषयी शास्त्रज्ञांनी केलेले एक निरीक्षण फार उद्बोधक आहे. अमेरिकेतील हेन्री मोलेसन नावाच्या रुग्णाच्या मेंदूवर १९५३ साली शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती गेली. ब्रेंडा मिल्नर या विदुषींनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवावयास दिली. तीन दिवसांत त्याच्या चुका पुष्कळ कमी झाल्या. तथापि हे काम आपण पूर्वी केले आहे, याची त्याला आठवणच नसे! यावरून दिसते की हाताचे शिक्षण मनाच्या वहीत नोंद न होताही चालू असते. तेव्हा ‘मला काहीच आले नाही’ असे वाटणे हा काही न आल्याचा पुरावा नव्हे. रोजच्या सरावाचे चित्र तारीख घालून जपून ठेवावे व पहिल्या दिवसाचे पंधराव्या दिवसाच्या शेजारी मांडून पाहावे. खरी साक्ष तीच देईल.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम पाटी व पडदा यांचे प्रमाण जुळवावे. समजा, पाटी १० इंच रुंद व ६¼ इंच उंच आहे आणि पडदा २० इंच रुंद व ११¼ इंच उंच आहे. रुंदीत हाताची हालचाल दुप्पट होते, पण उंचीत १.८ पटच होते. म्हणून १ इंच व्यासाचे वर्तुळ पडद्यावर २ इंच रुंद व १.८ इंच उंच, म्हणजे चपटे दिसते. यात मुलाच्या हाताचा काही दोष नाही. संगणकाच्या मांडणीत पाटीची उंची ५⅝ इंचच वापरावयाची असे ठरविले की वर्तुळ वर्तुळ होते. हात दुप्पट होतो तसा त्याचा कंपही दुप्पट होतो, हेही ध्यानात धरावे. म्हणून आरंभी मोठ्या आकृती काढाव्या, व बोटांनी न ओढता कोपर व खांदा मोकळा सोडून ओढाव्या.

दुसरे, पाटी पडद्याच्या अगदी समोर, सरळ व रोज एकाच जागी ठेवावी. ती तिरपी झाली की प्रत्येक रेघ तितकीच तिरपी जाते. तिसरे, पृष्ठभाग फार गुळगुळीत वाटल्यास पाटीवर साधा कागद चिकटवावा. पेन्सिलीच्या घर्षणाची सवय असलेल्या हाताला त्याने आधार मिळतो. चौथे, पेनावर दाब बेताने द्यावा. दाबाप्रमाणे रेघ जाड किंवा बारीक होते.

यानंतर रोज पाव तास पुढील क्रमाने अभ्यास करावा : दूरदूर दोन ठिपके देऊन ते एका रेघेने जोडणे, मग समांतर रेघा, मग वर्तुळे, शेवटी ‘अ’, ‘क’, ‘ळ’ अशी वळणदार अक्षरे. या वेळी नजर हाताकडे वळू देऊ नये. आणि चुकलेली रेघ पुसण्याची कळ दाबण्याऐवजी तिच्याच शेजारी दुसरी ओढावी. पुसलेल्या रेघेपासून कोणी काही शिकत नाही.

ज्यांच्या घरी ही पाटी नाही त्यांनी खिन्न होऊ नये. भिंतीला आरसा टेकवावा, त्यापुढे कागद ठेवावा, हातावर वहीचा आडोसा करावा, आणि केवळ आरशात पाहून चांदणी गिरवावी. हाताला नव्या वाटेने चालविण्याचा हाच धडा तेथे एक पैसा न खर्चता मिळतो. शिवाय शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांची खरी तयारी कागदावरच होते. संगणकावरील ‘मंगल’ या देवनागरी अक्षरवळणाचे कर्ते र. कृ. जोशी हे मुळात सुलेखनकारच होते. पाटी हाताला नवी जागा देते. पण नजर व रेषेची समज ही त्याने कागदावरूनच बरोबर आणलेली शिदोरी असते.

पालकांस आमची एवढीच विनंती की, पहिल्या आठवड्याच्या रेघा पाहून मुलाची परीक्षा करू नये. पेरणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी माती उकरून अंकुर आला की नाही हे कोणी शेतकरी पाहत नाही. हातालाही तेवढीच मुदत द्यावी.