समुद्रफुलाची केटी

मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखन पोटात घाला. विषय आहे सी-ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल. २००३ च्या 'फाइंडिंग निमो'मध्ये निमोचं घर असतं ना, तेच! नावात फूल असलं तरी तो प्राणी आहे, जेलीफिश आणि प्रवाळांचा नातेवाईक.

सेकंड इयरच्या सुट्टीत धाकट्या बहिणीच्या हट्टापायी घरी ६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी लावली. तिसऱ्याच आठवड्यात दोन क्लाऊनफिश आणि एक पांढरंशुभ्र समुद्रफूल आणलं. दुकानदार म्हणाला, "व्हाइट व्हरायटी, रेअर आहे!" नंतर वाचल्यावर कळलं, की उष्ण समुद्रातल्या या समुद्रफुलांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करून यजमानाला देतं. शैवाल गेलं की समुद्रफूल पांढरं पडतं. म्हणजे आम्ही पैसे मोजून उपाशी पेशंट घरी आणला होता, आणि त्याला उजेड काय दिला, तर साधी ट्यूबलाइट!

दुसरी चूक पाण्याची. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजायलाच महिनाभर लागतो. समुद्रफुलासाठी तर जाणकार सहा महिने ते वर्षभर थांबतात.

आता आपल्या ब्रँचचं गणित. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे आमच्या टाकीत २१०० ग्रॅम. उन्हाळ्यात ६ लिटर पाणी उडालं, पण मीठ उडत नाही. २१०० भागिले ५४, जवळजवळ ३९! मी शहाण्यासारखं वरून पुन्हा खारं पाणी ओतत होतो. ओतायला हवं होतं गोडं, आरओचं. टाकी जेवढी लहान, तेवढे हे झटके मोठे.

आणि हा प्राणी चालतो, बरं का! जागा पसंत पडली नाही तर तळव्यावर सरकत निघतो. आठव्या रात्री आमचा निघाला तो थेट पंपाच्या तोंडात. तिथे स्पंजची जाळी लावायची असते हे मला कुठे ठाऊक! सकाळी पाणी दुधासारखं, दोन्ही मासे वर तरंगत होते. बहिणीने काही न बोलता त्यांना कुंडीत पुरलं. मी बाजूला उभा होतो.

गंमत म्हणजे, स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये पकडलेलं 'ग्रॅनी' नावाचं समुद्रफूल काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगलं. पण ती जात थंड किनाऱ्यावरच्या खडकांतली, भरती-ओहोटी सोसणारी. तिच्यात शैवाल नसतं, त्यामुळे उजेडाची भानगड नाही. शिवाय तिचं पाणी न चुकता बदललं जाई.

आणखी एक, जे दुकानदाराने सांगितलं नाही: टाकीतल्या क्लाऊनफिशला समुद्रफूल लागतच नाही. त्याच्यावाचून ते मजेत जगतात, अंडीही घालतात.

टाकी अजून हॉलमध्ये आहे. बहिणीने त्यात गोड्या पाण्यातले गप्पी सोडलेत. मला फक्त बघायची परवानगी आहे.