जानेवारीतला नकार, मार्चमधला होकार

यंदा राज्यशास्त्राच्या ट्युटोरियलसाठी मला 'कॅनडाचे संघराज्य' हा विषय आला होता. क्वेबेक प्रांतातील फ्रेंच भाषिकांविषयी लिहिताना मी मोठ्या ऐटीत एक वाक्य लिहून गेले : "या लोकांना नेमके काय हवे आहे, हे त्यांचे त्यांनाच कळत नाही." सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात एवढेच लिहिले, "गोव्याचे पाहा." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे सरांनी समासात लिहिलेले मी फार मनावर घेते. शिवाय गोवा मला परका नाही. माझ्या आजीचे माहेर पेडणे तालुक्यातले.

माझे वाक्य अगदीच निराधार नव्हते. १९७६ साली क्वेबेकच्या मतदारांनी रेने लेवेक यांच्या पार्ती क्वेबेक्वा या पक्षाला सत्तेवर आणले. प्रांताला कॅनडापासून वेगळे सार्वभौमत्व मिळावे, हे त्या पक्षाचे ध्येय. पण २० मे १९८० रोजी याच दिशेने पाऊल टाकण्यासाठी सार्वमत घेतले, तेव्हा शेकडा जवळजवळ ६० मते विरोधात पडली. आणि १९८१ मध्ये त्याच मतदारांनी त्याच पक्षाला १२२ पैकी ८० जागा देऊन पुन्हा गादीवर बसवले! याला काय म्हणावे?

आता गोवा. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन करणे हा त्या पक्षाचा मुख्य कार्यक्रम. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळेपणाची खूण दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते मिळाली, दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि ३० पैकी १६ जागा जिंकून पुन्हा बांदोडकरच मुख्यमंत्री झाले. क्वेबेकला जे पाच वर्षांत घडले ते गोव्यात चौदा वर्षे आधी दोन महिन्यांत घडून गेले होते, आणि तेही आमच्या शेजारी. (त्या वेळी सावंतवाडी आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली.)

आमच्या घरी आजोबा अजूनही "गोवा हातचा गेला" असेच म्हणतात. मीही तसेच समजत होते. दिवाळीच्या सुटीत पेडण्याला गेले, तेव्हा आजीच्या थोरल्या भावाला, अण्णाआजोबांना, मी हे विचारले. वय ऐंशीच्या पुढे. मत फुलाला दिले होते, आणि हरल्याचे त्या दिवशी फार वाईट वाटले, असे म्हणाले. पण "हातचा गेला" हे ऐकून हसले. "गेलें खंय? हांगाच आसा," एवढेच बोलले आणि पान जुळवू लागले.

मग हळूहळू जे सांगितले त्यात लिस्बन कुठेच नव्हते. अण्णाआजोबांचे घर भाटकाराच्या जमिनीवर. म्हणजे ते मुंडकार. पोर्तुगीज साहेब वर्षा-दोन वर्षांतून कधी दिसायचा, भाटकार रोज दिसायचा. त्यांच्या लेखी सरकार म्हणजे तोच. महाराष्ट्रात कूळकायदा आहे, तिकडे गेलो तर आपले घर आपले होईल, हा त्यांचा हिशेब. सासष्टी-बार्देशातल्या माणसाचा हिशेब निराळा : आज पणजीला जाऊन भांडता येते, उद्या मुंबईला कोण विचारणार? डॉ. जॅक सिक्वेरा यांनी हीच बाजू लावून धरली. या बाजूला केवळ ख्रिस्ती होते असे मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण आकडे तसे सांगत नाहीत. ख्रिस्ती लोकसंख्या शेकडा चाळीसच्या आत होती आणि दोन पानांना मते मिळाली निम्म्याहून जास्त. म्हणजे पुष्कळ हिंदूंनीही विलीनीकरण नाकारले, आणि मला वाटते, त्यांतल्याच काहींनी मार्चमध्ये बांदोडकरांना मत दिले. त्यांना बहुजनांचे राज्य हवे होते. त्यासाठी घर मोडायचे नव्हते. कूळकायदा गोव्यातच १९६४ साली झाला होता, मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ साली आला. अण्णाआजोबांचे घर त्यांच्या नावावर झाले ते गोव्यात राहूनच.

हे ऐकल्यावर क्वेबेक मला निराळा दिसू लागला. १७५९ मध्ये इंग्रजांनी क्वेबेक शहर जिंकले, १७६३ च्या तहाने फ्रान्सने हक्क सोडला. १७७४ च्या कायद्याने इंग्रजांनी या लोकांना त्यांचा कॅथलिक धर्म आणि फ्रेंच दिवाणी कायदा ठेवू दिला. (गोव्यातही विवाह आणि वारसा यांत पोर्तुगीज दिवाणी कायदा १९६१ नंतर चालूच राहिला. राज्यकर्ते जातात, वाटणीचे कागद राहतात.) पुढे शंभर-दोनशे वर्षे पेढी-कारखाना इंग्रजी बोलणाऱ्याचा आणि शेत, चर्च फ्रेंचांचे, अशी जणू विभागणीच झाली. १९६२ च्या निवडणुकीत झां लसाज यांनी 'आपल्या घरात आपणच धनी' अशा अर्थाची घोषणा दिली आणि खाजगी वीज कंपन्या प्रांताच्या मालकीच्या केल्या. १९७७ च्या कायद्याने शाळेत आणि कामावर फ्रेंच आणली. म्हणजे भाटकाराचा बंदोबस्त तिथेही घरातल्या घरात होत आला होता. १९८० चा मतदार गोंधळलेला नव्हता. त्याने लेवेक यांना ठेवले आणि कॅनडालाही ठेवले.

सगळेच जुळते असे मात्र नाही. फ्रेंच तिथे आधी जेते म्हणूनच गेले होते. १९९५ च्या दुसऱ्या सार्वमतात वेगळे होण्याची बाजू अगदी थोडक्यात हरली, विरोधात शेकडा ५०.५८ मते पडली. पण त्याआधी काही दिवस तिथल्या क्री या मूळ रहिवाशांनी स्वतःचे मतदान घेऊन शेकडा ९६ मतांनी क्वेबेकबरोबर बाहेर पडायला नकार दिला होता. मुंडकाराचाही मुंडकार असतो, हे माझ्या ट्युटोरियलमध्ये कुठेच नव्हते.

गोव्यातला भाषेचा वाद तर अजून मिटलेला नाही. १९८७ साली कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. अण्णाआजोबा घरात कोकणी बोलतात, सकाळी मराठी वर्तमानपत्र वाचतात आणि पोथीही मराठीच. यांतली तुमची कोणती, असे मी विचारले तेव्हा मात्र ते रागावले. ट्युटोरियल मी पुन्हा लिहून दिले आहे. ते वाक्य खोडले, त्या जागी दोन्ही निवडणुकांच्या तारखा घातल्या.