तबकडीवरील आकडा आणि पडद्यावरील आकडा

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण शाळेच्या दप्तरी कायम राहावे, म्हणून ते डीव्हीडीवर उतरविण्याचे काम आम्ही दहावीच्या काही विद्यार्थ्यांकडे सोपविले होते. संगणकाच्या पडद्यावर फोल्डरचा आकार ४.५० जीबी दिसत होता आणि तबकडीच्या वेष्टनावर ४.७ जीबी असे छापलेले होते. तरीही जागा अपुरी असल्याचा संदेश येऊन काम अडले. दुसरी तबकडी घातली, तोच अनुभव. दुकानदाराने हलका माल गळ्यात मारला, असा निष्कर्ष मुलांनी काढला. मग एकाने भोजनगृहातून निवृत्त झालेल्या मावशींचे मनोगत फोल्डरमधून काढून टाकले आणि तबकडी तयार झाली. आमच्या हे ध्यानी येईपर्यंत कॅमेऱ्याचे कार्ड पुसून पुन्हा वापरात आले होते. दोष मुलांचा नव्हता, दुकानदाराचा तर नव्हताच. हे गणित आम्हीच वर्गात शिकविले नव्हते.

संगणकातील माहिती बाइटमध्ये मोजतात. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, ही दशमान रीत आपण वजनमापांत शिकतोच. परंतु संगणकाची स्मृती दोनच्या पटीत वाढते. दोनचा दहावा घात १०२४, हा हजाराच्या अगदी जवळ. म्हणून अभियंत्यांनी त्यालाही किलोच म्हटले. किलोपाशी हा फरक शेकडा २.४ इतकाच असतो. मेगापाशी तो ४.९ होतो आणि गिगापाशी ७.४ च्या घरात जातो, कारण १०२४ ला १०२४ ने दोनदा गुणले की १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ येतात. हा गोंधळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९८ मध्ये द्विमान एककांना किबिबाइट, मेबिबाइट, गिबिबाइट अशी वेगळी नावे दिली. विंडोज प्रणाली मात्र आजही मोजते गिबिबाइट आणि लिहिते जीबी!

आता आमचा हिशेब पाहू. डीव्हीडीवरील ४.७ जीबी ही दशमान रीतीची, म्हणजे ४७० कोटी बाइट. नेमकेपणाने सांगायचे तर कोऱ्या डीव्हीडी-आर तबकडीवर ४७० कोटी ७३ लाख १९ हजार ८०८ बाइट मावतात. पडद्यावरील ४.५० जीबी द्विमान रीतीची. १०७.३७ कोटींना ४.५ ने गुणले की सुमारे ४८३ कोटी १८ लाख होतात. लहान दिसणारा आकडाच मोठा होता! उलट बाजूने, ४७० ला १०७.३७ ने भागले तर ४.३८ येतात; पडद्यावर तबकडीची क्षमता तेवढीच दिसते.

यावरून वेष्टनावरील आकडा नेहमीच दशमान असतो असे समजू नये. सीडीचे प्रकरण उलटे आहे, आणि ते अधिक मनोरंजक आहे. सीडी जन्मली ती संगीतासाठी. फिलिप्स आणि सोनी यांनी तिचे मानक १९८० मध्ये सिद्ध केले. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्या, प्रत्येक नमुन्यास दोन बाइट, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. एका सेकंदाचे ७५ सेक्टर पाडलेले असल्यामुळे प्रत्येक सेक्टरला २३५२ बाइट येतात. गाण्यातील एखादा बाइट बिघडला तर यंत्र शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधते, कानाला कळतही नाही. परंतु गुणपत्रिकेतील ३८ चे ८३ झाले तर चालेल काय? म्हणून माहितीच्या सीडीवर सेक्टरमागे ३०४ बाइट ओळख आणि त्रुटिदुरुस्ती यांसाठी राखून ठेवतात व २०४८ बाइट आपल्या हाती उरतात. ८० मिनिटांच्या सीडीवर ३,६०,००० सेक्टर असतात. गुणाकार केला की ७३ कोटी ७२ लाख ८० हजार बाइट होतात. त्यांना १०,४८,५७६ ने भागल्यास ७०३ मेबिबाइट येतात. वेष्टनावरील ७०० एमबी ती हीच, म्हणजे द्विमान रीतीची.

ब्लू-रे तबकडी पुन्हा दशमान. २५ जीबी म्हणजे २५०० कोटी बाइट, पडद्यावर सुमारे २३.३.

म्हणून दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाइटमध्ये आणावेत. आमच्या फोल्डरमध्ये जास्तीचे होते १२ कोटी ४५ लाख बाइट. चित्रीकरण सेकंदाला दहा लाख बाइट या गतीचे होते. तेव्हा काढावयाची होती जेमतेम दोन मिनिटे पाच सेकंद. पाहुण्यांच्या स्वागताच्या टाळ्याच त्याहून लांब होत्या.

सरावासाठी एक उदाहरण देतो. दुहेरी थराच्या डीव्हीडीवर ८.५ जीबी छापलेले असते. पडद्यावर ८.१ जीबी दिसणारे फोल्डर तिच्यावर मावेल काय? न मावल्यास किती बाइट कमी करावे लागतील, तेही काढा.